अंटार्क्टिकाच्या बोटीची तयारी : गुडघा, उलट्या आणि वॉटरप्रूफ पँट (सल्ला हवाय)

रानजाई | ४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. गेली नऊ-दहा वर्षं इथे वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

जानेवारीत आम्ही दोघं अंटार्क्टिकाला निघालोय. हो, खरंच. नवरा ६३, मी ५९, राहायला ठाण्यात. ह्यांच्या निवृत्तीच्या पैशातून स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं होतं, ते राहिलं. कडप्प्याचा ओटा आहे तोच आहे. अर्जेंटिनातल्या उश्वायाहून सुटणारी ११ दिवसांची बोट आहे, १८० प्रवाशांची. पैसे भरून झालेत, तेव्हा 'एवढ्यात काय काय झालं असतं' हे कृपया कुणी सांगू नका. ते माझ्या जावेने सांगून झालंय.

कंपनीने सामानाची यादी पाठवलीय, ती वाचून गोंधळ वाढलाच. थंडीचे कपडे नेमके किती लागतात? ड्रेक पॅसेजमध्ये दोन दिवस जहाज हलतं म्हणतात, आणि मला खंडाळ्याच्या घाटात एसटीसुद्धा लागते. आम्ही शाकाहारी. आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे ह्यांचा उजवा गुडघा. ऑपरेशन झालेलं नाही, पण जिना उतरताना कठडा धरावा लागतो. त्या रबरी होडीत चढ-उतार जमेल का?

डिंकाचा लाडू | ४ सप्टेंबर

अभिनंदन रानजाई! आम्ही दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत जाऊन आलो.

आधी थंडी. तिचा बाऊ करू नका. जहाजं जातात त्या अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या भागात जानेवारीत पारा शून्याच्या दोन-चार अंश वरखाली असतो. डिसेंबरातलं लेह याहून कितीतरी गार. छळतो तो वारा, आणि त्याहून जास्त ओल. अंगावर तीन थर हवेत : आत मेरिनो लोकर नाहीतर साधं थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं. सुती काही नको, घाम धरून बसतं आणि मग हुडहुडी भरते. पार्का, म्हणजे टोपीवाला जाड कोट, बरीच जहाजं देतात (आमचा लालभडक, घरी आणायचा, पुण्यात घालायचा कुठे ते विचारू नका). गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट वापरायला मिळतात. मापं आधी कळवायची असतात, तेव्हा जाड मोजे घालून पाय मोजा.

पँट मात्र कुणी देत नाही, आणि माणसं फसतात ती तिथेच. नुसती 'वॉटर रेझिस्टंट' चालत नाही, पूर्ण वॉटरप्रूफ हवी, आणि बुटावरून खाली येईल एवढी पायाशी सैल. होडीच्या फुगीर काठावर बसायचं असतं, पाणी उडालं की थेट मांडीवर. आमच्याबरोबरचे एक गृहस्थ पावसाळी स्कूटरवरची पँट घेऊन आले होते. पहिल्याच दिवशी बसताना मागून टर्रकन गेली. पुढचे चार दिवस चिकटपट्टी लावून हिंडले बिचारे.

माझी पँट पडून आहे, साइझ एल. माझी बहीण मुलुंडला असते. हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पेंगुळलेला | ५ सप्टेंबर

घाटात एसटी लागणाऱ्या बाईने ड्रेक ओलांडायचा! ताई, दंडवत घ्या. सोबत लिंबू ठेवा.

चीफसाब | ५ सप्टेंबर

३१ वर्षं इंजिनरूममध्ये काढली, आता रत्नागिरीत झावळ्या मोजतो. प्रवासी जहाजांचा अनुभव नाही, मालवाहू आणि तेलवाहूंचा आहे. केप हॉर्नला दोनदा वळसा घातलाय.

ड्रेक म्हणजे केप हॉर्नपासून साउथ शेटलंड बेटांपर्यंतचं साधारण ८०० किमी पाणी. त्या अक्षांशावर वाऱ्याला अडवायला पृथ्वीभर कुठेही जमीन नाही. लाटा मोकाट वाढत येतात आणि इथे दोन खंडांच्या मधल्या फटीतून सगळं पाणी जायला बघतं. शांत असला तर 'ड्रेक लेक', खवळला तर 'ड्रेक शेक', असं तिकडचे लोक म्हणतात. एकाच फेरीत दोन्ही मिळू शकतात, जाताना एक आणि येताना दुसरा.

केबिन खालच्या डेकवरची आणि जहाजाच्या मध्यावरची असेल तर झोका कमी. वर बाल्कनीवाली जितकी महाग तितकी जास्त झुलते. बदलून मिळत असेल तर बघा.

आता महत्त्वाचं. लोकांना वाटतं, माणूस समुद्रात पडेल. माणूस समुद्रात पडत नाही, तो दारात बोटं चेचून घेतो. जहाजाची दारं जड असतात आणि जहाज कललं की आपोआप मिटतात. चौकटीला हात लावायचा नाही, मुठीलाच धरायचं. चालताना एक हात कायम कठड्याला, आणि कॉफीचा कप घेऊन जिना चढायचा नाही. रात्री टेबलावरची प्रत्येक वस्तू खणात टाका, नाहीतर दोन वाजता ती तुम्हाला उठवेल.

आणि पहिल्या दिवशीच्या कवायतीला दांडी मारू नका. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा कानात बसला पाहिजे. २३ नोव्हेंबर २००७ ला 'एक्सप्लोरर' नावाचं असंच पर्यटकांचं जहाज किंग जॉर्ज बेटाजवळ बर्फावर आपटून बुडालं. १५४ च्या १५४ माणसं वाचली. तास न् तास लाइफबोटीत बसावं लागलं, मग दुसऱ्या जहाजाने उचललं. घाबरवण्यासाठी सांगत नाही. सगळी वाचली ती आपापल्या बोटीपाशी जाऊन उभी राहिली म्हणून, हे सांगतोय.

रानजाई | ५ सप्टेंबर

चीफसाब, घाबरवण्यासाठी नाही म्हणालात पण ह्यांना वाचून दाखवलं तर हे गप्पच झाले. :) केबिन खालचीच आहे, स्वस्त म्हणून घेतली होती.

लाडूताई, व्यनि केलाय. गुडघ्याचं सांगाल का?

डिंकाचा लाडू | ६ सप्टेंबर

सांगते, कारण माझ्या सासऱ्यांचंही तेच होतं.

जहाजाच्या कुशीला एक उतरती शिडी लावतात, कठडा असलेली. ती उतरायला ह्यांना वेळ लागेल, लागू दे, मागचे थांबतात. खाली होडी वर-खाली होत असते. दोन खलाशी उभे असतात आणि ते हात हातात धरत नाहीत, मनगटाने मनगट धरतात. एकाचा हात सुटला तरी दुसऱ्याची पकड राहते. म्हणून तुमचे दोन्ही हात रिकामे हवेत. कॅमेरा, काठी सगळं पाठीवरच्या पिशवीत. ते 'आता' म्हणाले की काठावर एक पाय, मग आतल्या पायरीवर दुसरा, की लगेच बसायचं आणि बसल्या बसल्या सरकत जायचं. उडी कुठेच नाही.

किनाऱ्यावर उतरताना काठावर बसूनच दोन्ही पाय मागच्या बाजूने फिरवून बाहेर काढायचे आणि पोटरीभर पाण्यात उतरायचं. याची तालीम घरी होते. दिवाणाच्या कडेवर बसा, पाय गुडघ्यात न पिळता कमरेपासून वळा, उतरा. रोज वीस वेळा. सासरे तीन महिने करत होते, सासूबाई म्हणायच्या, दिवाण बसलाय आता.

टेक्सासकर | ६ सप्टेंबर

आम्ही ह्यूस्टनहून गेलो होतो, त्यामुळे भारतातून निघणाऱ्यांचे कागद वेगळे असतील. तरी तीन गोष्टी.

उश्वायाहून जहाज सुटलं की तुम्ही कागदोपत्री अर्जेंटिना सोडता आणि परत आल्यावर पुन्हा शिरता. व्हिसा दोनदा प्रवेश देणारा आहे ना ते पाहा. दुसरं, ब्युनोस आयरेसला विमानतळ दोन. तुम्ही परदेशातून एसेइसाला उतराल आणि उश्वायाचं विमान बहुधा शहरातल्या आयरोपार्केहून असेल. मध्ये तासाभराची टॅक्सी, गर्दी असली तर जास्त. तिसरं, उश्वायाला किमान एक दिवस, जमल्यास दोन दिवस आधी पोचा. बॅग हरवली तर जहाज थांबत नाही. औषधं, थर्मल आणि ती सुप्रसिद्ध पँट हातातल्या बॅगेत.

विम्यात 'वैद्यकीय स्थलांतर' किती रकमेचं आहे ते बघा. तिथून माणसाला हॉस्पिटलात आणायचं म्हणजे विमान बोलवावं लागतं. आणि पॉलिसीत ध्रुवीय प्रदेश वगळलाय का, ते बारीक अक्षरात असतं.

काढाक्वाथ | ७ सप्टेंबर

व्यवसायाने डॉक्टर आहे म्हणून राहवत नाही. सगळे कपड्यांवर बोलताहेत, पिवळ्या तापाच्या लशीबद्दल कुणीच नाही!

अंटार्क्टिकाला ती लागत नाही. पण भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत अर्जेंटिना आहे, ब्राझील आहे, आणि अदिस अबाबामार्गे येणार असाल तर इथिओपियाही आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत मुंबईला उतरलात आणि प्रमाणपत्र नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. सरकारमान्य केंद्रातच लस घ्यावी लागते, प्रमाणपत्र लस घेतल्यावर १० दिवसांनी ग्राह्य होतं आणि मग आयुष्यभर चालतं. तारखेसाठी थांबावं लागतं, म्हणून आत्ताच लागा.

आणि इथेच मेख आहे. साठीच्या पुढच्या माणसाला ही लस पहिल्यांदा देताना गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा जास्त असतो. तुमचे मिस्टर ६३. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. लस नको असं ठरलं तर तसं वैद्यकीय पत्र मिळतं, पण त्या पत्रावर विमानतळावरचा आरोग्य अधिकारी काय करेल ते त्याच्या हातात.

बोट लागण्यावर : ॲव्होमिन आपल्याकडे सहज मिळते, पण उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यायची. झोप येते. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी तिकडे खूपजण वापरतात. तोंड कोरडं पडतं, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर चालत नाही, आणि वयस्कर माणसांना कधीकधी भ्रमही होतो. पट्टीला हात लावून तोच डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होते. कुठलंही औषध घ्या, एकदा घरी घेऊन बघा. पहिला प्रयोग ड्रेकमध्ये नको.

रानजाई | ७ सप्टेंबर

डॉक्टर, तुमचे पाय धरायला हवेत. कंपनीच्या बारा पानी यादीत ह्या लशीचा उल्लेखसुद्धा नाही. त्यांचे बहुतेक प्रवासी युरोप-अमेरिकेचे, त्यांना कशाला लागतेय.

मांडवीकाठ | ९ सप्टेंबर

वास्कोत आपल्या ध्रुवीय संशोधन संस्थेत होतो, अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री केंद्रावर एक अख्खा हिवाळा काढलाय. धागा वाचून गंमत वाटली. आमच्या वेळी घरच्यांना प्रश्न एकच असायचा, 'पेंग्विन दिसले का?' मैत्री शिर्माकर ओॲसिसमध्ये, किनाऱ्यापासून आत. तिथे दगड, बर्फ, प्रियदर्शिनी नावाचं तळं आणि तीच ती पंचवीसेक तोंडं. चुकार पेंग्विन आला तर पाहुणा आल्यासारखे सगळे बाहेर. तुम्ही जाताय ते द्वीपकल्प मैत्रीपासून सरळ रेषेत तीन हजार किलोमीटरच्या घरात आहे, तेव्हा 'आपला तळ बघून या' असं कुणी म्हणालं तर नकाशा दाखवा.

आपली पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली, आणि ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर उतरली.

उणे तिशीत राहिलेला माणूस म्हणून सांगतो, तुम्हाला थंडी नाही, ऊन त्रास देईल. बर्फावरून उलटं येतं. नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीखाली सनस्क्रीन लावा, लोक तिथेच विसरतात. बाजूनेही झाकणारा काळा चष्मा हवा. फोन छातीपाशी आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता झोपते. कॅमेरा गरम खोलीत नेण्याआधी झिपच्या पिशवीत बंद करा, अर्ध्या तासाने उघडा, नाहीतर काचेवर दव.

सडाफटिंग | ९ सप्टेंबर

सगळे हौसेने लिहिताय म्हणून वाईटपणा घेतो. तिथे जायचंच कशाला? २०२३-२४ च्या एका मोसमात लाखाच्या वर पर्यटक गेले. २०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेला अभ्यास सांगतो, जहाजांच्या काजळीमुळे एकेका पर्यटकामागे ८० टनांहून जास्त बर्फ लवकर वितळतो. ओटा करून घ्यायचा होता.

चीफसाब | ९ सप्टेंबर

काजळीचं खरं आहे. मात्र जड तेल, ज्याच्यावर मी आयुष्य काढलं, ते तिथे २०११ पासून बंद आहे. ६० अक्षांशाच्या खाली नुसतं न्यायलाही बंदी.

रानजाई | १० सप्टेंबर

सडाफटिंग, माझ्याकडे याला उत्तर नाही. आकडा वाचला आणि रात्री थोडा वेळ झोप लागली नाही. तरी जाणार आहे.

डिंकाचा लाडू | १० सप्टेंबर

त्यावर वेगळा धागा काढा की, मीही लिहीन. इथे तयारीचं चालू दे.

रानजाई, एक राहिलंच. जहाजवाल्यांची आयाटो नावाची संघटना आहे, १९९१ पासूनची. तिचे नियम : एका वेळी किनाऱ्यावर १०० च माणसं (तुमचे १८० म्हणजे निम्मे खाली, निम्मे होडीतून फिरणार), पेंग्विनपासून पाच मीटर, फर सीलपासून पंधरा. हे सगळे सांगतात. पण बर्ड फ्लू पसरल्यापासून आणखी एक आहे : जमिनीवर किंवा बर्फावर बसायचं नाही. गुडघा टेकायचा नाही, पिशवीही खाली ठेवायची नाही. गुडघेवाल्यांसाठी खरी परीक्षा ती आहे, होडी नव्हे. तास-दीड तास उभं राहायची सवय करा. थकलात तर आधीच्या होडीने परत जा, कुणी काही म्हणत नाही.

आणि किनाऱ्यावर खाणं नाही, संडास-बाथरूम नाही. उतरायच्या आधी चहा कमी प्या. आम्ही घरचे खाकरे, मेतकूट नेलं होतं, ते जहाजावरच. जेवणात शाकाहारी भरपूर असतं, पण चार दिवसांनी भाजलेली वांगी-भोपळी मिरची बघितली की मेतकूट आठवतंच. फळं, बी-बियाणं अर्जेंटिनात नेऊ नका. पेंगुळलेले यांचं लिंबूसुद्धा.

पेंगुळलेला | १० सप्टेंबर

माझं लिंबू जप्त!

रानजाई | १९ फेब्रुवारी

आले. गेल्याच आठवड्यात परतलो, आणि आधी हा धागा वर काढते.

लस : ह्यांच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि घ्या म्हणून सांगितलं, दोघांनी घेतली, एक दिवस अंग दुखलं. परतताना मुंबईला काउंटरवर पिवळी पुस्तिका मागितलीच. आमच्या पुढच्या मुलाकडे नव्हती, त्याला बाजूला घेतलं.

ड्रेक : जाताना शेक. जिन्याच्या कठड्यात जागोजागी कागदी पिशव्या खोचलेल्या असतात. सकाळी त्या बघून मला हसू आलं होतं, दुपारी मी तीन घेतल्या. टेबलावरची कापडं ओली करून ठेवतात, ताटं सरकू नयेत म्हणून. ते मी पाहिलं नाही, ह्यांनी येऊन सांगितलं. मी दीड दिवस आडवी, हिरवं सफरचंद आणि खारी बिस्किटं. ॲव्होमिन वेळेवर घेतली होती, नसती तर काय झालं असतं कुणास ठाऊक. हे मात्र डेकवर उभे राहून अल्बट्रॉस मोजत होते. येताना तळं. चीफसाब, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. दारात बोट चेचलेले दोघं दिसले.

सर्वांत मजा जैविक तपासणीची. उतरायच्या आधी सगळ्यांनी पिशव्या, पार्का, पँट घेऊन खाली जायचं. तिथे व्हॅक्यूम क्लीनर, ब्रश, चिमटे. खिसे उलटे करतात, शिवणीत बघतात, आणि सगळ्यात जास्त वेळ वेल्क्रोवर. ह्यांच्या पाठपिशवीच्या वेल्क्रोतून त्या मुलीने चिमट्याने एक कुसळ काढलं. तांबूस, नखाएवढं. हे दर रविवारी येऊरला जातात, तिथलं गवत. तिने विचारलं, कुठलं? हे म्हणाले, 'ठाणे.' तिने ते दिव्याखाली धरून बघितलं आणि एका पाकिटात टाकून पाकीट बंद केलं. मी घरी ती पिशवी दोनदा झटकली होती हो.

गुडघा : पहिला उतार हाफ मून बेटावर. दिवाणावरची तालीम केलेली (रोज वीस, लाडूताई, मोजून). शिडीवर वेळ लागला, मनगट धरलं, बसले, सरकले. किनाऱ्यावर पाय फिरवले आणि खाली उतरून माझ्याकडे असं बघितलं, की जणू चंद्रावर उतरलेत. उभं राहणं मात्र खरंच जड गेलं. नेको हार्बरला पाऊण तासातच हे परतीच्या होडीपाशी गेले. मी वर होते. समोरच्या हिमनदीचा एक तुकडा सुटला. आधी नुसता दिसला, आवाज मागाहून आला, दूर कुठेतरी ट्रकमधून खडी ओतल्यासारखा. किनाऱ्यावरच्या सगळ्यांना त्यांनी लगेच वर चढवलं, लाट येते म्हणून. हे होडीत बसून पाण्यावरून बघत होते. म्हणतात, तुझ्यापेक्षा मला चांगलं दिसलं. असेलही.

वास! पेंग्विनचा वास कुणीच का सांगितला नाही? वारा फिरला की किनारा दिसायच्या आधी कळतं.

चीफसाब | १९ फेब्रुवारी

आमच्या मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात या एकदा, मग तो वास काहीच नाही.

मांडवीकाठ | २० फेब्रुवारी

कुसळ सापडलं ते फार चांगलं झालं. तिथे आधीच बाहेरून आलेलं एक गवत ठाण मांडून बसलंय. आपल्या ठाण्याच्या गवताला बहुधा गारठा सोसला नसता, पण पैज नको.

पेंगुळलेला | २० फेब्रुवारी

जाऊबाईंना काय आणलंत?

रानजाई | २० फेब्रुवारी

पोर्ट लॉक्रॉयला ब्रिटिशांचा १९४४ चा तळ आहे, आता तिथे छोटं संग्रहालय आणि पोस्ट. तिथून तिला कार्ड टाकलंय. पोचायला महिने लागतात म्हणाले. ती रोज विचारते.

मेथीची जुडी | ३ मार्च

रानजाई, पूर्ण धागा वाचला. आम्ही येत्या नोव्हेंबरात जातोय, मी आणि आई. ती पँट लाडूताईंना परत केलीत का? आईला एल होईल असं वाटतंय.

डिंकाचा लाडू | ३ मार्च

परत नको मला. पुढे द्या.

रानजाई | ३ मार्च

एलच आहे, कमरेला नाडी आहे. जरा लांब होते, मी आतून टाका घातलाय, तो उसवावा लागेल. वेल्क्रो चिमट्याने साफ करून ठेवलाय. रविवारी सकाळी सोडून कधीही घरी या. रविवारी हे येऊरला असतात आणि मी झोपलेली.